पडद्याचं पोट

आमच्या घरात सगळे कायम दमलेले असत. काम कमी असो की जास्त, दमणं ठरलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी रहाटाला बैल जुंपून येत आणि ओटीवर टेकताना असा काही 'हुश्श' करत की तो माजघर ओलांडून चुलीपाशी आईला ऐकू जाई. मग आई भाताचं आधण उतरवून स्वतःचा एक 'हुश्श' टाकी. वहिनी नवी होती तोवर तिला दमायला संकोच वाटे; वर्षभरात तीही शिकली. दादा मुंबईला नोकरीत होता, तो सुट्टीवर आला की आल्या पावली दमे. आणि या सगळ्यांच्या मागे तो रहाट, दिवसभर कण्हणारा. लोट्यांतलं पाणी पन्हळीत पडे, पन्हळीतून पाटात, पाटातून पोफळींच्या बुंध्यांशी. रहाटाचं कण्हणं थांबलं की घरातला प्रत्येक जण मान वर करी, कारण बैल थांबला म्हणजे कोणीतरी उठायला हवं, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे मी. मी उठे, पण सावकाश. मी जाईपर्यंत बैलाची चांगली झोप होई. आमच्या बैलानं माझ्याइतकं प्रेम कोणावर केलं नाही.

दिवेआगरला आमची घरं रस्त्याकडे तोंड करून असत. घराच्या मागे विहीर, मग पोफळी, मग माड, मग केवड्याचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. म्हणजे समुद्राकडे आमची पाठ. त्याचा आवाज जन्मापासून कानात होता, पण त्याच्याकडे बघायला कोणी जात नसे. खारा वारा पोफळींना बाधतो आणि अंथरुणं दमट करतो, एवढीच त्याची आमच्या घरात ओळख. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढच्या फजितीत त्याचा वाटा आहे.

मी त्या वेळी विशीचा होतो आणि मुंबईहून परत आलेला होतो. चित्रकला शिकायला काकांकडे गेलो आणि आठ महिन्यांत परतलो. त्या आठ महिन्यांत मला ढग उत्तम यायला लागले. झाडंही बरी येत. नाक मात्र यायचं नाही. माणसाचं नाक काढायला घेतलं की त्याचा एकतर बटाटा होई, नाहीतर चाफेकळी होई, आणि चाफेकळी बाप्याच्या तोंडावर वाईट दिसते. म्हणून माझ्या चित्रांतली माणसं पाठमोरी उभी असत. घरात लावायला मी शंकर काढला होता, त्यातही गंगेची धार बरोबर त्याच्या नाकावरून ओघळत होती. आईनं तो देवघरात लावला नाही, कोठीच्या दारावर लावला. "उंदरांना कळत नाही," असं वहिनी म्हणाली.

गावात माघात उत्सव असे आणि उत्सवात नाटक. नाटक तात्या लिहीत. तात्या म्हणजे शाळेतले मास्तर. लिहिणं, बसवणं, सूत्रधार होणं आणि साडी नेसलेल्या मुलांवर ओरडणं ही सगळी कामं त्यांचीच. त्या वर्षी देवळाच्या माळ्यावरून राजवाड्याचा जुना पडदा खाली काढला, तर वाळवीनं राजवाडा खाल्लेला. नुसते कळस उरले होते. तात्या डोक्याला हात लावून पायरीवर बसले. मी तिथेच होतो आणि मला दमूनही तोंड आवरता येत नसे. "एवढंच ना? पडदा मी रंगवतो," मी म्हणालो.

मुंबईहून जाडं कापड मागवलं, ते आलं हातभर रुंदीचं. जोडायचे नऊ पट्टे. गावच्या शिंप्यानं कापड चिमटीत धरलं आणि सांगून टाकलं की यंत्राची सुई मोडेल, मीही मोडेन. मग कोणीतरी म्हणालं, कोळवाड्यातल्या धर्माला विचारा, तो शिडं शिवतो. लगेच दुसरं कोणीतरी म्हणालं, "शिवत होता."

यामागे एक गोष्ट होती. धर्मा पन्नाशी उलटलेला कोळी. सगळं आयुष्य गलबतांची शिडं शिवण्यात गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं शिवलेलं एक शीड भर वाऱ्यात उसवलं आणि होडी खडकावर गेली. माणसं वाचली, होडी गेली. शीड जुनं होतं, कोणी ते पावसाळाभर ओलंच गुंडाळून ठेवलेलं होतं. पण नाव धर्माचं झालं. 'धर्माची शिवण' ही कोळवाड्यात शिवी झाली. लग्नात अक्षता उशिरा पडल्या तरी म्हणत, धर्माची शिवण झाली. त्याचा सख्खा पुतण्या पांडू, स्वतःचा मचवा, म्हणजे मोठी होडी, हाकणारा तांडेल, त्यानंही नवं शीड मुंबईहून आणवलं. तेव्हापासून धर्मा लोकांची फाटकी जाळी विणत बसे.

मी गेलो तेव्हाही तो जाळंच विणत होता. माझ्या अडीचपट वयाचा माणूस, पण मी त्याला 'अरे धर्मा' म्हणणार आणि तो मला 'तुमी' म्हणणार, अशी रीत होती. ती लिहितानाही हात अडतो. पण खोटं कशाला लिहू?

"पडदा?" तो म्हणाला. "नाटकाचा?"

"नऊ पट्टे आहेत. जमेल का रे?"

"मला इचारता जमंल का म्हनून?" त्यानं जाळं बाजूला सारलं. "शिवतो. मला काय नको तुमचं. येकच करा. नाटकाच्या आधी तुमचं मास्तर नावं वाचतात न्हवं? त्यात सांगा, शिवन धर्माची हाय. आमची सारी मानसं येतात तितं. चार गावची येतात. त्यांनी येकदा ऐकाया पायजे."

"सांगतो की! त्यात काय," मी म्हणालो. मला त्यात खरोखरच काही वाटलं नाही. वचन देताना मी कधीच दमत नसे.

धर्मा आमच्या खळ्यात येऊन बसला. आठ दिवस शिवत होता. उजव्या तळहातावर चामड्याचा तुकडा बांधलेला, हातात वीतभर दाभण, दोरा मेणातून ओढून काढलेला. दाभण कापडातून आरपार जाताना 'टच्' असा आवाज येई आणि मागोमाग दोरा ओढल्याचा लांब 'सर्र'. टच्, सर्र. रहाटाच्या कण्हण्यात हा आवाज मिसळे आणि ओटीवर अण्णांना अशी काही झोप लागे की सांगता सोय नाही. वहिनी दुपारी मोडाचे वाल सोलायला खळ्याच्या कडेला बसे. भिजवलेल्या वालांची सालं काढून डाळिंब्या करायच्या, हे आमच्या घरचं न संपणारं काम. कडवे वाल आणि वर खोबरं, जेवायला गोड पण बोटं आंबून जात. ती सोलता सोलता धर्माच्या हाताकडे बघत राही. एकदा म्हणाली, "भावोजी, तुम्ही आठ महिने मुंबईला काढलेत, आणि हा माणूस खाली न बघता सरळ रेघ काढतोय."

शिवून झाल्यावर वहिनीनं तांदळाची खळ शिजवून दिली. कापड खळ्यात पसरून चारी कडांवर धोंडे ठेवून ताणलं, खळ फासली. खडी, गेरू, काजळी, नीळ, सगळं सरसात कालवलं आणि मी राजवाडा काढला. आठ खांब, कमानी, झुंबरं, आणि मागे माझे ढग. माणूस एकही नाही, म्हणजे नाकाचा प्रश्नच मिटला. खाली कोपऱ्यात वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'चित्रकार विनायक'. एवढ्या मोठ्या अक्षरांत गावात फक्त देवाचं नाव होतं.

पडदा देवळाच्या मांडवात लावला तो दुपारी. सगळे जमले. दोर ओढला, पडदा उलगडत खाली आला आणि क्षणभर वाटलं, काय सुरेख! मग समुद्राकडून वारा आला. राजवाडा हळूहळू पुढे आला. आधी मधले चार खांब फुगले, मग कमानी ताणल्या, झुंबरं वर गेली. वारा पडला की सगळं मागे जाई. पुन्हा आला की पुन्हा पुढे. वहिनी बायकांत उभी होती. पदराआडून तिचा आवाज आला, हळू, पण नेमका शांततेत पडला.

"भावोजी, राजवाड्याला कितवा महिना?"

मांडव फुटला. तात्या तेवढे हसले नाहीत. ते पायरीवर जाऊन पूर्वीच्याच जागी पूर्वीसारखे बसले. मी धर्मावर धावून गेलो. "हे काय करून ठेवलंस? कापड सरळ शिवायचं सोडून..."

धर्माला माझा राग कळेचना. तो पडद्याकडे बघत होता, लेकीकडे बघावं तसा. "पोट ठेवलंय. शिडाला पोट ठेवावं लागतं. न्हायतर वारा बसनार कुटं?"

"अरे, पण हे शीड नाही!"

"कापूड हाय, वर दोर हाय, म्होरं वारा हाय," धर्मा म्हणाला. "मंग काय हाय ते?"

त्यानं प्रत्येक पट्टा मधे किंचित रुंद, टोकांना किंचित अरुंद शिवला होता. आयुष्यात दुसरं काही शिवलेलंच नव्हतं. आणि मी पंधरा दिवस त्याच कापडावर गुडघे टेकून रांगत होतो. धोंड्यांनी ताणूनही मधे कापड सैल राहतं हे मला दिसत होतं. मी ते वहिनीच्या खळीच्या माथी मारलं होतं. उसवून पुन्हा शिवायला दिवस नव्हते. उत्सव दहा दिवसांवर.

सगळे पांगल्यावर आम्ही तिघं उरलो, तात्या, धर्मा आणि मी. पडदा आत-बाहेर करत होता. मग धर्मा म्हणाला, "त्यो वाडा पुसा. दर्या काडा. दर्या कवा सपाट आसतो?"

तात्यांनी मान वर केली. "माझ्या नाटकात समुद्र नाही रे, बाबा. राजा शिकारीला जातो."

"मंग गलबतातनं जाऊ द्या त्याला."

तात्या उठून घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा अंक नव्यानं लिहून आणला. राजा गलबतात, राणी किनाऱ्यावर, मधे वादळ. तो अंक आम्ही त्याआधी ऐकलेल्या त्यांच्या कुठल्याही लेखनापेक्षा बरा होता, कारण राजा शिकारीला निघाला की पूर्वी एक पूर्ण प्रवेश नुसता घोड्याचं वर्णन करी.

राजवाडा मी खडीनं झाकला आणि समुद्र काढला. धर्मा बघायला आला.

"पापड कुनी वाळत घातलं हे?"

"लाटा आहेत त्या."

"लाटंला पाट आसते. पोट आसतं. ह्यांला नुसती त्वांडं हायती." मग माझ्याकडे वळून, "तुमी दर्या बगितलाय का कदी?"

समुद्रापासून दोनशे पावलांवर जन्मलो मी. दुसऱ्या दिवशीपासून तो मला रोज सकाळी केवड्यापलीकडे नेऊन वाळूत बसवू लागला. तो बोट दाखवी, मी बघे. लाट उचलते तिथे काळोख असतो आणि मोडते तिथे उजेड. मोडण्याआधी क्षणभर ती हिरवी होते, तेवढाच क्षण पकडायचा. रंग कसा लावायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुठे लावायचा हे मला. पडद्याच्या पोटाशी आलो की तो म्हणे, "हितं मोटी लाट. वारा आला की हीच फुगनार." पडदा आम्ही मांडवातच टांगून ठेवला होता. मी शिडीवर, आणि खालून धर्मा वाऱ्याची वाट बघणारा. वारा आला की ओरडे, "आता बगा, कुटं फुगतंय!" आणि मी तिथे खूण करी. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. पुढे चाळीस वर्षं कारकुनी केली, तिला काही मन लागत नाही.

उत्सवाच्या दिवशी नाटकाआधी तात्यांनी नावं वाचली. चिठ्ठी मीच लिहून दिली होती. 'पडदा: चित्रकार विनायक.' एवढंच. मांडवाच्या दोराबाहेर कोळवाड्याची माणसं बसलेली. पुढे धर्मा, धुतलेली बंडी घालून, शेजारी पांडू.

विसरलो, असं मी पन्नास वर्षं सांगत आलो. वहिनीलाही तेच सांगितलं. विसरलो नव्हतो. चिठ्ठी लिहिताना त्याचं नाव मनात आलं होतं, बोरू दौतीपर्यंत गेलाही होता. मग वाटलं, देवळात मोठ्यानं कोळ्याचं नाव वाचलं तर पंच काय म्हणतील. आणि त्याच्या खालोखाल, त्याहून खरं, हे वाटलं की माझं नाव एकटंच बरं दिसतंय. आता दमलोय, म्हणून लिहून टाकतो. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो.

पडदा लोकांनी डोक्यावर घेतला. राजाच्या वादळात वारा नेमका सुटला, समुद्र मांडवात शिरल्यासारखा पुढे आला आणि पहिल्या रांगेतली पोरं किंचाळून मागे सरली. दुसऱ्या दिवशी ओटीवर अण्णांनी मला हाक मारली. पेजेचा वाडगा हातात होता.

"पडदा बरा होता," ते म्हणाले. मी वाट बघत उभा. ते पेजेवर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "शिवण कोणाची ते काही ऐकू आलं नाही. माझे कान गेले असतील." आणि 'हुश्श' करून भिंतीला टेकले.

धर्मा दुपारी आला. आमच्याकडे राहिलेलं दाभण मागून घेतलं, चामड्याचा तुकडा घेतला आणि गेला.

महिन्याभरानं बोलावणं आलं. हरिहरेश्वराच्या अलीकडे एका गावात माझ्या आत्याचं सासर, त्यांना फाल्गुनातल्या उत्सवात आमचं नाटक हवं होतं, आणि खास करून पडदा. मंडळी बैलगाडीनं निघाली. पडद्याची बांबूवरची लांब गुंडाळी गाडीत मावेना. ती पांडूच्या मचव्यातून न्यायची ठरली. पण पडदा टांगायच्या गाठी एकट्या धर्माला येत. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो खाली मान घालून जाळंच विणत होता.

"येतो," तो म्हणाला. "पडद्यासाटी येतो. तुमच्यासाटी न्हाय."

मी होडीत कधी बसलो नव्हतो. वहिनीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि खोबऱ्याची चटणी बांधून दिली होती. पोटात गेलेलं ते सगळं किनारा दिसेनासा व्हायच्या आत मी समुद्राला अर्पण केलं. मग पडद्याच्या गुंडाळीला मिठी मारून पडून राहिलो. पांडू आणि दोन गडी माझ्याकडे बघून हसत होते. धर्मा हसत नव्हता. त्याची नजर डोलकाठीवरच्या त्या मुंबईच्या नव्या शिडावर होती.

दुपार कलली आणि उत्तरेकडून वारा वाढला. आम्ही एका खडकाळ टोकाजवळून जात होतो. शीड एकदा तडतडलं. धर्मानं नुसतं म्हटलं, "पांडू." एवढ्यात वरपासून खालपर्यंत शिवण उघडली. 'फर्र' असा आवाज झाला आणि शिडाच्या जागी आभाळ दिसलं. मचवा वळला, आडवा झाला आणि खडकांकडे जाऊ लागला. गड्यांनी वल्ही घातली, पण पाणी ओढत होतं. खडकावर फुटणाऱ्या लाटा मला दिसत होत्या. मोडण्याआधी क्षणभर त्या हिरव्या होतात, हे त्याही वेळी दिसलं.

धर्मा उठला आणि माझ्या मिठीतली गुंडाळी खेचू लागला. तो काय करतोय हे माझ्या ध्यानात आलं आणि मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते, पण सांगायचं ठरवलंच आहे. मी म्हणालो, "नको! पडदा नको! रंग जातील!"

पांडू वल्हं मारता मारता ओरडला, "तुमचं रंग ऱ्हातील, भट, आमी जाऊ!"

आणि धर्मा, ज्यानं जन्मात मला 'तुमी'शिवाय हाक मारली नव्हती, तो म्हणाला, "सोड तो हात! धर ही काटी, आनि गप ऱ्हा तू!"

मी काठी धरली. पडद्याचाच बांबू त्यानं आडवा करून दोरानं वर चढवला, खालची दोन टोकं होडीच्या दोन बाजूंना बांधली. गाठी मारताना त्याचे हात कसे चालत होते! वारा मागून आला. पडदा एकदा थरथरला आणि भरला. ज्यासाठी ते पोट शिवलं होतं ते अखेर त्याला मिळालं. मचवा उचलल्यासारखा झाला आणि खडक बाजूनं मागे गेले, इतक्या जवळून की त्यांच्यावरची कालवं मोजता आली असती.

चित्राची बाजू पुढे होती. मी पडद्यामागे बसलो होतो, म्हणून मला चित्र दिसलं नाही. मला दिसली ती मागची बाजू, आमच्या खळ्यातल्या शेणाचे डाग, आणि आठ शिवणी. पुढून, उजव्या अंगानं कलतं ऊन येत होतं आणि प्रत्येक शिवणीच्या दोन्ही कडांना दाभणाच्या भोकांतून उजेडाचे ठिपके लागले होते, वरपासून खालपर्यंत, सारख्या अंतरावर. कापड ताणलं की ठिपके किंचित लांब होत, सैल पडलं की पुन्हा गोल. एकही टाका ढळला नाही. धर्मा माझ्याशेजारी बसून तेच बघत होता. खालून उडणाऱ्या पाण्यानं रंग ओघळायला लागला. निळीचे ओघळ पांडूच्या पाठीवर, माझ्या धोतरावर. खालच्या कोपऱ्यात शिंतोडे जास्त, त्यामुळे माझं नाव सगळ्यात आधी गेलं असणार.

आत्या तेव्हा किनाऱ्यावर होती. ती पुढे कायम सांगे, समुद्रातून दुसरा समुद्र उभा राहून येत होता, आणि बायका हातातल्या टोपल्या टाकून बघत होत्या. माझं सगळ्यात चांगलं चित्र ते. गावभरानं पाहिलं. मीच तेवढं पाहिलं नाही.

वाळूला लागल्यावर तिथले कोळी होडीभोवती जमले. चित्राकडे कोणी बघेना. चित्र उरलंच कुठे होतं? एक म्हातारा पुढे झाला, शिवणीवरून बोट फिरवत गेला, मग कापड दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "कुनी शिवलंय रं हे?"

पांडूनं खाली बघितलं. सगळ्यांनी धर्माकडे बघितलं. धर्मा दोर सोडवत होता, मान वर न करता म्हणाला, "मला नका इचारू. नावं सांगायचं काम या भटाचं हाय."

माझ्या तोंडाला अजून उलटीची चव होती, धोतर निळं झालं होतं. "धर्मा नाखवांनी शिवलंय," मी म्हणालो. हळू आला आवाज. म्हणून पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, "आमच्या दिवेआगरच्या धर्मा नाखवांनी." असं आदरानं त्याचं नाव मी त्याआधी कधी घेतलं नव्हतं. आणि नाखवा म्हणण्याजोगी होडीही त्याच्याकडे कधी नव्हती. पण कोणी हसलं नाही.

तात्यांनी पडदा पाहिला आणि ते बसायला पायरी शोधू लागले. शेवटी तसाच टांगला. ओघळलेल्या निळीनं त्याचं वादळ झालं होतं, मी काढलेल्यापेक्षा बरं. नावं वाचायच्या आधी तात्यांनी मला विचारलं, "शिवण लिहिली. रंग कोणाचा सांगू?"

"रंग कुठे आहे, तात्या?" मी म्हणालो.

परतल्यावर पांडूनं चुलत्याच्या दारात फाटकं शीड नेऊन टाकलं. धर्मानं दोरा मेणातून ओढायला घेतला. मग आणखी शिडं आली. आम्ही दोघांनी मिळून पुढे दोन पडदे केले, तेही पोटवालेच. लोक सपाट पडदा बघायला तयार होईनात. मग त्याची नजर गेली आणि मी मुंबईला टेबलाशी बसलो. तो पहिला पडदा त्याआधीच त्यानं माझ्याकडून मागून घेतला आणि कापून पांडूच्या मचव्याचं शीड केलं होतं. वरच्या टोकाला निळीचा एक डाग राहिला होता, तो कधी गेला नाही.

मी सुट्टीला येई तेव्हा वहिनी सकाळी विहिरीवरून हाक मारी. रहाट कण्हत असे, अण्णांचा 'हुश्श' ओटीवर झालेला असे, आणि मी अंथरुणात.

"भावोजी, उठा. तुमचा समुद्र मासळीला निघाला."

मग मी उठे आणि वाडीतून, माडांतून, केवड्यापलीकडे जाई. घरातलं तेवढं एकच उठणं असं होतं, ज्याला मी कधी 'हुश्श' केलं नाही.